पस्तिसाव्या वाढदिवसाची पाटी

१

गाडीवरची खोळ निघाली आणि ओडेल प्रुइट असा काही ओरडला, की चर्चमागच्या कुरणातल्या खेचरांनी पुढे दोन दिवस गवताला तोंड लावलं नाही म्हणतात.

"पाटी! माझी पाटी गेली!"

सकाळचे साडेआठ वाजले होते. पॉपलर लिकच्या बॅप्टिस्ट चर्चच्या पटांगणात कॉर्वेट मोटारगाड्यांच्या शौकिनांचं वर्षाचं प्रदर्शन. पुरुषमंडळी नुकतीच आतल्या हॉलमधून पॅनकेक आणि दालचिनीचे बन हाणून, कमरेचे पट्टे सैल करत बाहेर येत होती. त्यांच्या मागून आली व्हर्लीन कॉम्ब्स. वय चौऱ्याहत्तर, धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा, हातात अर्धा बन. बनाला कसलीतरी वेगळीच चव होती. पुदिन्याची. दालचिनीच्या बनात पुदिना कोण घालतं, या विचारात ती होती, तेवढ्यात ही बोंब.

यंदा प्रदर्शनात साध्या गाड्यांना जागाच नव्हती. कारखान्यानं कसल्यातरी निमित्तानं मोजक्या काढलेल्या, बाहेरच्या माणसाला ठाऊकही नसलेल्या, तेवढ्याच गाड्या. ओडेलची अठ्ठ्याऐंशी सालची होती. या गाडीच्या घराण्याला पस्तीस वर्षं झाली म्हणून तेव्हा दोन हजार पन्नास काढल्या होत्या. अंग पांढरं, चाकं पांढरी, सीटा पांढऱ्या, स्टिअरिंगसुद्धा पांढरं. छताचा पट्टा तेवढा काळा. बगळ्यानं टोपी घातल्यासारखा. आणि आत, गिअरच्या दांड्यामागे, दोन बोटांएवढी ब्राँझची पाटी. वर लिहिलेलं 'पस्तिसावा वाढदिवस', खाली गाडीचा नंबर.

ती पाटी असली तर गाडी राणी. नसली तर दूधवाल्याची गाडी.

आणि ती नव्हती.

गर्दीतून डॉयल स्टॅम्पर पुढे झाला. तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारली आणि म्हणाला, "आम्ही सगळे आत जेवत होतो. बाहेर एकटं कोण होतं, ते विचारा की."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. रांगेच्या टोकाला, काळ्या-चंदेरी गाडीच्या दारात, मोझेल क्रॅबट्री डोळे चोळत उभी होती.

२

व्हर्लीनला पहिल्यांदा काय वाटलं, ते खरं सांगायला हवं. तिला आनंद झाला.

मोझेल आणि ती शाळेपासूनच्या मैत्रिणी, आणि पंचेचाळीस वर्षं व्हर्लीनच्या पोटात तिच्या नावानं एक निखारा होता. हार्लन क्रॅबट्री अठ्ठ्याहत्तर साली नवी कोरी गाडी घेऊन पहिल्यांदा आला तो व्हर्लीनच्या दुकानात, सीटेची उसवलेली शिवण दाखवायला. तीन वेळा आला. शिवण एकच होती. चौथ्या वेळी शेजारच्या सीटवर मोझेल बसलेली. संपला विषय. व्हर्लीन त्या तालुक्यातल्या यच्चयावत गाड्यांत बसली होती, पण उभ्या गाडीत, तोंडात टाचण्या धरून. चालत्या कॉर्वेटमध्ये तिला कुणी बसवलं नव्हतं.

"जुलैच्या बैठकीत ही काय म्हणाली होती?" डॉयल सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत होता. "'त्या ओडेलची पाटी उपटली, तर उरतो तो चाकांवरचा फ्रिज!' म्हणाली होती का नाही?"

"म्हणाले होते," मोझेल म्हणाली. "आत्ताही म्हणते. म्हणून मी उपटली का? तू माझ्या गाडीला शवपेटी म्हणालास, मी तुला पुरायला आले का रे?"

हशा झाला, पण छोटासा. परीक्षक लॉयड टॅकेट परगावचे, सरळ मार्गी गृहस्थ. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "नियम असा आहे, बाई. दुसऱ्याच्या गाडीला हात लावला तर सभासदत्व जातं. आणि सभासद नाही त्याची गाडी मी तपासू शकत नाही. एक वाजता हात वर करून निकाल होईल."

मोझेलचा चेहरा उतरला. पहिल्या येणाऱ्या गाडीला वर्षभर कॉर्वेटच्या संग्रहालयात जागा मिळणार होती. हार्लन गेल्या हिवाळ्यात, ऐन बर्फात गेला. जाताना त्यानं मोझेलकडून एकच वचन घेतलं होतं. 'एकदा तरी तिला तिथे, दिव्याखाली उभी कर.' गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. व्हर्लीनला तर जरा जास्तच.

"मिस व्हर्लीन," टॅकेट म्हणाले, "तुम्ही म्हणे सीट बघून सांगता, माणूस पाकीट कुठल्या खिशात ठेवतो आणि बायकोशी भांडतो का. एक वाजेपर्यंत जरा बघाल?"

व्हर्लीननं उरलेला बन तोंडात टाकला. "बघते," म्हणाली. मनात म्हणाली, तूच असू दे गं मोझेल. एकदा तरी तूच असू दे.

३

"थांबा!" ओडेल आडवा आला. "घड्याळ काढा. चष्म्याची साखळी आत. पट्ट्याचं बक्कल—"

"बक्कल नाहीये मला, ओडेल. इलॅस्टिक आहे."

"अंगठी?"

"कुणी घातली असती तर दाखवली असती."

ओडेलच्या मनगटात निळ्या चिकटपट्टीचं बंडल बांगडीसारखं असायचं. रंगारी वापरतात ती पट्टी. कुणीही त्याच्या गाडीवर वाकायच्या आधी तो अंगठीला पट्टी गुंडाळायला लावायचा. खडा नको घासायला, कडा नको लागायला. त्याचं बघून आता सगळा क्लबच तसं करायचा. पाद्रीबुवांनीसुद्धा गेल्या वर्षी गाडीला आशीर्वाद दिला तो निळ्या बोटानं.

व्हर्लीन आत वाकली. ही सीट तिनंच दोनदा शिवलेली. पांढरं चामडं म्हणजे चहाडखोर. नवी जीन्स घालून कुणी नुसतं टेकलं तरी निळं होतं. इथे डाग नव्हता. चोर एकतर सीटेवर टेकला नव्हता, नाहीतर खाली काहीतरी घालून टेकला होता. पाटीच्या जागी गोंदाचा चौकोन, पण आजूबाजूला ओरखडा म्हणून नाही. पटाशी-स्क्रूड्रायव्हरचं हे काम नव्हे. पाटीमागून दोरा घालून, करवतीसारखा इकडेतिकडे ओढून, हळूच सोडवलेली.

तिनं नाक पुढे केलं. पुदिना.

"खोळ कशी होती, ओडेल?"

"जेवायला जाताना मी घातली तशीच! आधी आरसे, मग नाक, मग शेपूट. म्हणून तर मला बाहेरून कळलंच नाही!"

चोर मोठा अदबशीर होता म्हणायचा. चोरी केली आणि गाडीला परत नीट पांघरूण घातलं.

"तू कुणाकुणाला विचारलंस?"

"सगळ्यांना! डॉयलला, मोझेलला, पाद्रीबुवांना, रस्त्यावरच्या त्या टपालवाल्याला—"

"नडीनला?"

ओडेलनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं गाडीच्या टायरला विचारायला सांगितलं. "नडीनला काय ठाऊक असणार? ती सहापासून स्वयंपाकघरात होती. आणि ती गाडीजवळ जात नाही. मी जाऊ देत नाही."

नडीन, ओडेलची बायको, तिथेच होती. प्रदर्शनात बायका बसतात तशी, गाडीच्या मागे, आपल्या लाकडी घडीच्या खुर्चीत. दरवर्षी ती खुर्ची रस्त्याकडे पाठ करून गाडीच्या बाजूला असायची. यंदा तिनं ती पार चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवली होती.

"नडीन, ऊठ जरा," ओडेल म्हणाला. "मला बसू दे. चक्कर येतेय."

"गवत आहे की," नडीन म्हणाली. "बस."

पस्तीस वर्षांत तिनं त्याला 'नाही' म्हटलेलं व्हर्लीननं ऐकलं नव्हतं. पण तेव्हा व्हर्लीनचं तिकडे लक्ष कुठलं? तिचे डोळे रांगेच्या टोकाला, काळ्या गाडीवर खिळले होते.

४

"आलीस?" मोझेल म्हणाली. "बेड्या आणल्यास का, की माझ्याच पट्ट्यानं बांधतेस?"

"आत का नव्हतीस तू? सगळे पॅनकेक खात होते."

"साखर वाढलीय माझी. तिथे बसून दुसऱ्यांच्या ताटात बघायचं? त्यापेक्षा गाडीत डोळा लागला. झोपले होते मी, व्हर्लीन."

"कुणी पाहिलं?"

"झोपलेल्या बाईला कसं ठाऊक असणार, कुणी पाहिलं ते!"

व्हर्लीननं तिचे हात धरून उलटे-पालटे केले. बोटं मोकळी. लग्नाची अंगठी गळ्यातल्या साखळीत. हार्लन गेल्यापासून तिथेच.

"दातांच्या फटी साफ करायचा तो पुदिन्याच्या वासाचा दोरा वापरतेस?"

मोझेलनं वरची कवळी काढून तिच्या नाकासमोर धरली. "हिला? हिला मी रात्री ग्लासात टाकते आणि 'शुभ रात्री' म्हणते."

व्हर्लीनला हसू आवरेना, आणि म्हणून रागही आला. ती गाडीभोवती फिरली. वर काळी, खाली चंदेरी, मधून लाल रेघ. अठ्ठ्याहत्तरच्या शर्यतीत सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावायचा मान मिळालेल्या गाडीच्या या बहिणी. साडेसहा हजार काढल्या, म्हणजे तशा बऱ्याच. पण दारावर चिकटवायची मोठी अक्षरं कारखाना वेगळ्या पाकिटात द्यायचा. हौस असेल त्यानं लावून घ्यावीत. बहुतेकांनी लावली. हार्लननं लावली नाहीत. ते पाकीट सीटांच्या मागे अजून तसंच होतं, न फोडलेलं. त्या पाकिटापायी अर्ध्या क्लबची झोप उडायची.

मागच्या काचेपाशी ती थबकली. काचेवर एक तेलकट ठसा होता. नाकाचा. आणि ते नाक अर्ध्यावरून डावीकडे वळलेलं.

पॉपलर लिकमध्ये असं नाक एकच होतं. एका खेचरानं एकाच लाथेत घडवलेलं.

५

डॉयल स्टॅम्पर आपल्या गाडीचं नाक पुसत होता. शहाण्णव सालची निळी, अंगावरून पांढरा पट्टा, डाव्या खांद्यावर दोन लाल फराटे. बरोब्बर एक हजार निघाल्या होत्या. हे तो दर पाच मिनिटांनी सांगायचा. तरी तीन वर्षं त्याचा दुसराच नंबर येत होता. त्यापायी तो निळ्या गाडीचा माणूस मत्सरानं हिरवा पडला होता.

"डॉयल, सकाळी ताट वाढताच उठून कुठे गेला होतास?"

"थुंकायला."

"नाकानं थुंकतोस का? मोझेलच्या काचेवर तुझं नाक आहे. टॅकेटसाहेबांना बोलावू का? ते काचेवर ठेवून मोजतील."

डॉयलचा हात थांबला. इकडेतिकडे पाहून तो जवळ सरकला. "मी हात लावला नाही हां! फक्त बघत होतो. ते पाकीट खरंच बंद आहे का, की हिनं मागून फोडून परत चिकटवलंय."

"मग?"

"बंदच आहे," डॉयल म्हणाला, आणि त्याचा आवाज रडवेला झाला. "एकदम बंद आहे गं."

"आणि मोझेल?"

तो पुन्हा गाडीचं नाक पुसू लागला.

"डॉयल!"

"झोपली होती. तोंड उघडं. करवत चालल्यासारखी घोरत होती. मी गेलो तेव्हा घोरत होती, ओडेलनं बोंब मारली तेव्हा जागी झाली. मधे मी तिथेच होतो. पाकिटाच्या सगळ्या कडा तपासायला वेळ लागतो."

म्हणजे मोझेलनं चोरी केली नव्हती. आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

"मी बोललो, तर दुसऱ्याच्या गाडीत डोकावलो म्हणून माझे गुण जातील," डॉयल हळूच म्हणाला. "आणि तू तरी कशाला बोलतेस? हार्लनच्या शेजारी त्या सीटवर कोण बसायला हवं होतं, ते अख्ख्या गावाला माहितीये. एक वाजेपर्यंत गप्प बस. बस, एवढंच. काही करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं."

व्हर्लीन वळली. आणि खरं सांगायचं तर, तिला ते सोपं वाटलं.

६

बारा वाजता जेवणं मांडली. तळलेली कोंबडी, मक्याची कणसं, गोड गार चहा, आणि नडीनचं बटाट्याचं सॅलड. नडीनचं सॅलड म्हणजे असं, की एकदा एका माणसाला स्वतःच्या अंत्ययात्रेत त्याचा वास आला आणि तो पेटीत उठून बसला. नडीन ते चमच्यानं कधी कालवायची नाही. पाचही बोटं आत. कालवताना भांड्यावर दुसऱ्या कुणाची सावलीही पडू द्यायची नाही.

व्हर्लीननं दोन चमचे वाढून घेतलं आणि मोझेलकडे पाठ करून बसली. मोझेल एकटीच, रिकामी ताटली घेऊन, गाडीच्या दाराला टेकली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. ती एका रुमालानं दाराची मूठ पुसत होती. पुन्हा पुन्हा, तीच मूठ.

व्हर्लीननं घास घेतला. काहीतरी चिवट दाताखाली आलं. कांद्याची पात असेल. नव्हती. तिनं ते हळूच बोटांवर काढलं.

निळी चिकटपट्टी. बारीक फाडलेली, बोटाभोवती गुंडाळल्यासारखी गोल. आणि मधोमध एक बारकं भोक, जणू आतून कुणीतरी टोचलेलं.



आधी तिनं स्वतःला समजावलं. चर्चच्या जेवणाला बायका भांड्यांखाली नावाची पट्टी लावतात, त्यातलीच असेल. उठली, टेबलावरचं एकेक भांडं उचलून खाली पाहिलं. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. मग स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर बन कापायचा पाट होता. पॉपलर लिकच्या बायका बनाचा गुंडाळा सुरीनं कापत नाहीत, पीठ दबतं. खालून दोरा घालून वर गाठ मारल्यासारखा ओढतात. पाटाशेजारी दातांच्या दोऱ्याची डबी होती. तिनं हुंगली.

पुदिना.

 सहापासून स्वयंपाकघरात कोण होतं? आणि पस्तीस वर्षांत जिला गाडीला बोट लावू दिलं नाही, तिच्या अंगठीवर निळी पट्टी कशाला?

बाहेर टॅकेटसाहेबांनी घंटा वाजवली. एक वाजला होता.

७

"मोझेल क्रॅबट्रीला काढावं असं ज्यांना वाटतं," टॅकेट म्हणाले, "त्यांनी हात—"

पहिला हात डॉयलचा. मग ओडेलचा. मग एकेक. व्हर्लीन मोझेलकडे बघत होती. मोझेल कुणाकडेच बघत नव्हती. तिचा हात गळ्यातल्या अंगठीवर होता.

निखारा अजून होता पोटात, विझलाबिझला नव्हता. पण व्हर्लीनला एक गोष्ट कळली. आयुष्यभर शिवलेल्या टाक्यांत तिनं एकही खोटा टाका घातला नव्हता, आणि हा आता घातला तर तो तिला रोज टोचणार होता.

"हात खाली," ती म्हणाली. "मोझेल झोपली होती. साक्षीदार आहे. डॉयल, बोलतोस का तुझं नाक बोलावू?"

डॉयल बोलला. लोक हसले, कुणीतरी शीळ घातली. त्याचे गुण तिथेच कापले गेले.

"मग चोर कोण?" ओडेल ओरडला.

"सांगते. चोरानं दोऱ्यानं पाटी सोडवली, ओरखडा येऊ नये म्हणून. सीटेवर बसायच्या आधी खाली कापड घातलं. खोळ तुझ्या पद्धतीनं घातली, आरसे आधी. आणि गाडीला हात लावण्याआधी अंगठीला पट्टी गुंडाळली." तिनं ती निळी पट्टी वर धरली. "आता सांग ओडेल, चोरी करतानासुद्धा गाडीला जपायचं, हे चोराच्या हाडीमाशी इतकं कुणी भिनवलं?"

ओडेलचा हात आपल्याच मनगटातल्या निळ्या बंडलावर गेला.

"या पट्टीला आतून खड्याचं भोक आहे. पुरुषांच्या अंगठ्या सपाट. मोझेलची गळ्यात. डॉयलशी कुणी लग्न केलं नाही, देवाची कृपा. माझ्याशीही नाही, त्याचं आता काय ते सोडा. आणि ही सापडली कुठे, तर बटाट्याच्या सॅलडात. त्या भांड्यात हात एकाच बाईचा जातो."

 सगळे नडीनकडे वळले. नडीन भिंतीशी, आपल्या खुर्चीत, ताठ बसलेली.

"नडीन?" ओडेल म्हणाला. "तू? पण का?"

"तिला नंतर विचार," व्हर्लीन म्हणाली. "आधी मी विचारते त्याचं उत्तर दे. त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"पस्तिसावा वाढदिवस."

"परवा बुधवारी काय होतं?"

"बुधवारी? बुधवारी मी चाकं—" ओडेल थांबला. त्याचे ओठ नुसते हलले, बोटं हिशेब करू लागली. अठ्ठ्याऐंशी साल, सप्टेंबर, हेच चर्च. मग त्याचा चेहरा त्याच्या गाडीसारखा झाला. अंग पांढरं, सीटा पांढऱ्या.

"लग्नाचा," नडीन म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पस्तिसावा. केक केला होता मी. गॅरेजच्या दारात दोनदा आले. तू तिची पाटी पुसत होतास. कापसानं. 'पस्तिसावा वाढदिवस, बघ कसा चमकतोय,' म्हणालास. मला म्हणालास! केक मी एकटीनं खाल्ला, आणि कुत्र्यानं."

तिनं चर्चच्या दाराकडे बोट केलं.

"याच चर्चमधून मी पांढऱ्या झग्यात निघाले, तर यानं सीटेवर चादर घातली माझ्याखाली. झग्याचा रंग लागेल म्हणाला! पांढऱ्याचा पांढऱ्याला! तेव्हाच मला कळायला हवं होतं, की मी सवतीवर नांदायला चाललेय. लोकांच्या सवती म्हाताऱ्या तरी होतात. माझी दर शनिवारी नवी होते."

"मग मोझेलवर आळ आला तेव्हा बोलली का नाहीस?" टॅकेट म्हणाले.

नडीननं पहिल्यांदा मान खाली घातली. "ते चुकलं. मोझेल, माफी माग म्हणशील तशी मागते. मी वाट बघत होते. वाटलं, सगळ्यांना विचारतोय, एकदा तरी मला विचारेल. 'नडीन, तू घेतलीस का?' लगेच दिली असती. टपालवाल्याला विचारलं यानं. मला नाही."

"पाटी कुठाय?" ओडेलनं हळूच विचारलं. हे विचारताना तो गाडीकडे बघत नव्हता, एवढं खरं.

नडीन उठली. सकाळपासून पहिल्यांदा. खुर्ची उचलली आणि वळवली. लाकडी पाठीवर, बरोब्बर मधे, ब्राँझची पाटी चकाकत होती. पस्तिसावा वाढदिवस, खाली नंबर.

"दरवर्षी या खुर्चीत, या गाडीमागे," ती म्हणाली. "तुझ्या गाड्या दोन हजार पन्नास निघाल्या. या खुर्चीत बसणारी एकच निघाली. नंबर कुणाला हवा होता?"

ओडेलनं वाकून ती पाटी वाचली. मग मनगटातलं निळ्या पट्टीचं बंडल काढून त्यानं कचऱ्याच्या पिंपात टाकलं.

"राहू दे ती तिथेच," म्हणाला.

टॅकेटसाहेबांनी कागदावर लिहिलं, 'पांढरी गाडी, एक वस्तू कमी', आणि गुण कापले. संग्रहालयातली जागा काळ्या-चंदेरी गाडीला मिळाली. मोझेल रडली, आणि हार्लनच्या बाजूच्या सीटेवर थोपटत राहिली. ते बघून व्हर्लीनच्या पोटातला निखारा असा फुलला, की गार चहाचे तीन ग्लास लागले.

"तुला वाटलं होतं ना मी चोर?" मोझेलनं विचारलं.

"वाटलं नव्हतं. हवं होतं."

मोझेलनं डोळे पुसले. "बस आत. संग्रहालयात जायच्या आधी तिला गावातून एक चक्कर मारायचीय. आणि हे बघ, शिवणीकडे बघायचं नाही. बाहेर बघायचं."

पण लोकांना आठवतं ते दुसरंच. संध्याकाळी पांढरी गाडी पटांगणातून निघाली ती नडीन चालवत. निळ्या जीन्समध्ये, खाली चादर-बिदर न घालता. शेजारी ओडेल, मांडीवर घडीची खुर्ची घट्ट धरून, पाटी बाहेरच्या बाजूला. खुर्चीचा एक पाय काचेवर घासत होता. ओडेलनं हूं की चूं केलं नाही.

सोमवारी सकाळी तो व्हर्लीनच्या दुकानात आला. चालकाच्या सीटवर हा एवढा निळा डाग.

"निघेल का गं, मिस व्हर्लीन?"

व्हर्लीननं चष्मा लावला, डाग निरखला, बोटानं चोळला, जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं. मागच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, त्याच डागाचं औषध भरल्या बाटलीत उभं होतं.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "हा जन्माचा."

गिऱ्हाइकाशी आपण बोललेलं हे एकुलतं एक खोटं, असं ती अजून शपथेवर सांगते. तेही खोटंच.